माय, नाय की मांय

रहस्यमालिकेचा शेवट कळला नाही की मला राग येतो. आठ आठवडे माणसाला नखं खायला लावायची आणि शेवटी पडदा काळा करून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत? त्या मालिकेच्या आठव्या भागाची शेवटची दोन मिनिटं मी इतक्यांदा पाहिली आहेत की ती तळीची पायरी मला आमच्या मागच्या दारापेक्षा जास्त ओळखीची झाली आहे. तरीही तिथं नक्की काय झालं ते मला अजून सांगता येणार नाही.

मालिकेची गोष्ट एका खाडीकाठच्या गावातली. जत्रेच्या दिवशी एका जुन्या व्यापारी घराण्यातली धाकटी सून नाहीशी होते आणि दुसऱ्या दिवशी देवळाच्या तळीत सापडते. शहरातून एक बाई पोलीस अधिकारी तपासाला येते. संशय नवऱ्यावर, दिरावर, सासूवर, देवळाच्या कारकुनावर, सगळ्यांवर. आठव्या भागात दिराला पकडतात, त्याला गाडीत घालतात, आपण सुस्कारा सोडतो, आणि मग ती दोन मिनिटं येतात. पुन्हा जत्रेचा दिवस. सून तळीच्या पायरीवर पाठमोरी उभी. मागून कुणीतरी येतं; आपल्याला दिसतो फक्त एका लुगड्याचा ओला काठ. सून वळते. एकच शब्द बोलते. पडदा काळा.

तो शब्द काय, हाच सगळा गोंधळ. मला पहिल्यांदा ऐकू आलं "नाय". म्हणजे ती कशाला तरी नकार देत होती. मालिकेच्या चाहत्यांचा फोनवर एक गट आहे, त्यात मी पहिल्या भागापासून आहे. तिथं बहुतेकांना ऐकू आलं "माय". म्हणजे तिची मेलेली आई मेलेली नाहीच, आणि तळीवर तीच आली होती. खाली अक्षरं उमटतात तिथं बघावं तर कंसात लिहिलेलं, "अस्पष्ट". मी दहावीच्या मार्गदर्शक पुस्तकांची प्रुफं तपासून पोट भरते. मी असं कंसात "अस्पष्ट" लिहून पाठवलं तर प्रकाशक मला दुसऱ्या दिवशी नारळ देईल.

तिसरं मत आमच्या सासूबाईंचं होतं. ते सांगायचं तर आधी आमच्या घराविषयी सांगावं लागेल.

दोन वर्षांपूर्वी सासरे गेले. त्याच सुमारास नवऱ्याला गोव्यात डिचोलीकडच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली आणि आम्ही पुणं सोडून कारापूरजवळच्या सासरच्या घरी राहायला आलो. तोवर मी त्या घरी वर्षातून दोनदा जायचे, चतुर्थीला आणि मे महिन्यात. पाहुणी म्हणून जायचे आणि पाहुणी म्हणून परत यायचे. आता राहायलाच आले, तरी सासूबाईंच्या लेखी मी पाहुणीच राहिले. हे मला कळलं ते त्यांच्या बोलण्यावरून. त्या घरात मुलाशी, शेजारणीशी, मांजराशी कोकणी बोलायच्या. मराठी त्यांना उत्तम येते, शाळा मराठीत झालेली, रोजचा पेपर मराठी, आरत्या मराठी. तर कोकणी घरच्यांसाठी आणि मराठी देवासाठी, वर्तमानपत्रासाठी आणि माझ्यासाठी. "तुला आणखी भात वाढू का?" असं त्या मला विचारायच्या, अगदी पाठ्यपुस्तकातल्यासारखं शुद्ध. त्यात एक चूक सापडायची नाही, आणि ती शुद्धता मला टोचायची. दिवसभर घरात आम्ही दोघीच. एखाद्या घरात दिवसभर पाहुणी म्हणून राहणं किती जड जातं ते राहिल्याशिवाय कळत नाही.

ती मालिका आली आणि हे बदललं. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की नवरा आडवा व्हायचा आणि मी टीव्ही लावायचे. पहिल्या भागाला सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. दुसऱ्याला त्यांनी आपलं लाकडी कदेल ओढून घेतलं आणि त्यात बसल्या. तिसऱ्या भागात दीर पोलिसांना सांगतो की जत्रेच्या दिवशी, म्हणजे सोमवारी संध्याकाळी मी घरातच होतो, थोरल्या वहिनींनी केलेली बांगड्याची आमटी जेवलो आणि झोपलो. मी अधिकारीणबाईंच्या घड्याळाकडे बघत होते, कारण ते डाव्या हातात होतं की उजव्या, यावर माझा एक सिद्धांत उभा होता. मागून आवाज आला.

"सोमारा दिसा नुस्तें? ह्या घरांत? फट मारता तो."

मी वळून बघितलं. नुस्तें म्हणजे मासे आणि फट मारता म्हणजे थापा मारतो, एवढं मला समजलं. त्यांचं म्हणणं असं, की या घराच्या दारात तुळस आहे, देव्हाऱ्यात शंकराची पिंडी आहे, सासू कपाळाला भस्म लावते; असल्या घरात सोमवारी बांगडे शिजणं शक्य नाही. तेव्हा दीर त्या संध्याकाळी घरी नव्हता. मी म्हटलं, मालिकावाल्यांची चूक असेल, मुंबईच्या लोकांना काय कळतंय. त्या म्हणाल्या, चूक न्हय. आणि खरंच, सहाव्या भागात अधिकारीणबाईंनी दिराला याच बांगड्यावरून अडकवलं. मी हा शोध तिसऱ्या भागाच्या संध्याकाळीच आमच्या गटात टाकला होता, सासूबाईंच्या नावावर. गटात तेव्हाच त्यांची फार वाहवा झाली. मी ती त्यांना वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या. चहा घेऊन आल्या त्या कोकणीत बोलतच.

तिथून पुढचे पाच आठवडे त्या माझ्याशी कोकणीत बोलत होत्या. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, "तुका कितें दिसता?" म्हणून विचारायच्या, तुला काय वाटतं, म्हणजे कारकुनाविषयी, नवऱ्याविषयी. मला निम्मं कळायचं. उरलेलं मी अंदाजानं भरून काढायचे आणि मान हलवायचे. पुण्याच्या मैत्रिणींना मात्र मी फोनवर सांगायचे की आता मला कोकणी कळते. मी इतकी खूश होते की कळत नाही असं कबूल करून हे मोडायची मला भीती वाटायची.

मग आला तो आठवा भाग. पडदा काळा झाला आणि मी रिमोट घेऊन ती दोन मिनिटं पुन्हा लावली, पुन्हा लावली. आवाज एवढा वाढवला की आतून नवरा ओरडला. डोक्यावर पंखा, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी, आणि टीव्हीतली ती जत्रेची ढोलकी. सासूबाई कदेलातून पुढे वाकून बसल्या होत्या. मी विचारलं, "नाय म्हणते ना ती?"

"मांय," त्या म्हणाल्या. गोव्याकडे मांय म्हणजे सासू. आई नव्हे, सासू. मग त्यांनी आणखी एक वाक्य सांगितलं. ढोलकीच्या आवाजात त्यातले दोनच शब्द माझ्यापर्यंत पोचले, पहिल्यांदा "मांय" आणि शेवटी "मारलो".

म्हणजे सासूनं मारलं. मी लगेच त्यांच्याकडे बघून हसले, कारण कल्पना सुरेखच होती. दीर पकडला गेला, पण खरी खुनी सासू. तो लुगड्याचा ओला काठ तिचा. आणि सून मरताना खुन्याचं नाव घेते. त्या हसल्या नाहीत, त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, मालिका संपल्याचं दुःख.

संध्याकाळी मी गटात लिहिलं. शब्द न शब्द आठवतो, कारण नंतर मी तो खूप वेळा वाचला. "तळीवरचा शब्द 'मांय' आहे. आमच्या सासूबाईंचं ठाम मत, खून सासूनंच केला. सासूची जात सासूलाच ठाऊक!" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणी लिहिलं, ताई, जपून राहा, तळीवर जाऊ नका. मी पण हसले. मी कुणाचं काही वाईट केलं असं मला अजिबात वाटलं नाही.

मंगळवारी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "चहा झाला आहे. घ्यावा."

मी कप हातात घेतला आणि मला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. दुपारी जेवताना त्या म्हणाल्या, "तुला आणखी भात वाढू का?" मग कळलं. मराठी परत आली होती. आणि ही पहिल्यापेक्षा कडक होती, इस्त्री केलेली. मी मुद्दाम मालिकेचा विषय काढला, तो काठ कुणाचा असेल म्हणून. त्या म्हणाल्या, "मला त्यातलं विशेष कळत नाही."

पुढचे चार दिवस मी मालिका सोडून आमच्या घरातलं रहस्य सोडवायला घेतलं. मी त्यांचा माशाचा चाकू भाजीला वापरला होता का? वापरला होता, पण धुऊन. पोदेर पाव घेऊन आला तेव्हा मी कडक उंड्यांऐवजी मऊ पाव घेतले, ते लागलं असेल? सोमवारी मी केस धुतले, त्यावरून? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आई तशीच आहे." हे वाक्य त्याचं कुठल्याही प्रश्नाला उत्तर असतं. रविवारी मी टीव्ही लावला, दुसरी कुठलीतरी मालिका, आणि कदेल जवळ ओढून ठेवलं. त्या अंगणात मिरच्या निवडत बसल्या. मी टीव्ही बंद केला. त्या रिकाम्या कदेलाकडे बघून मला रडू आलं, आणि आपण एका मालिकेपायी रडतोय की कशापायी, हेही मला धड समजेना.

संध्याकाळी मोरजीहून नणंदेचा फोन आला. तीही आमच्या गटात आहे, हे मी विसरलेच होते. हसत हसत म्हणाली, "वहिनी, तुम्ही आईला फेमस केली. मी सोमवारीच फोन करून वाचून दाखवलं तिला." मी विचारलं, "मग त्या काय म्हणाल्या?" नणंद म्हणाली, "काय नाय. म्हणाली, हांवें अशें म्हणूंक ना."

मी असं म्हटलं नाही. एवढं वाक्य मला पूर्ण कळलं.

मी तशीच मागच्या पडवीत गेले. सासूबाई मिरच्यांची देठं एका पेपरात गुंडाळत होत्या. मी म्हटलं, माझं चुकलं, मी तुमच्यावर विनोद करायला नको होता. त्या म्हणाल्या, "विनोदाचं काही नाही. जे मी बोलले नाही ते माझ्या नावावर छापू नये." छापू नये, असं म्हणाल्या. प्रुफं तपासणाऱ्या बाईला. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणाला होता?"

त्यांनी पेपरची पुडी बाजूला ठेवली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "तिणें मांयक उलो मारलो."

उलो म्हणजे हाक. तिनं सासूला हाक मारली.

दहावीच्या पोरांची लिंग-वचनं मी गेली बारा वर्षं सुधारते आहे. मारली गेली ती सून, बाई. तिला मारली म्हणतील, फार तर कोकणीच्या चालीनं मारलें म्हणतील. "मारलो" कसं म्हणतील? कोकणीत मारलो म्हणजे मारला; मारला जाणारा पुरुष हवा, आणि तो पुल्लिंगी शब्द होता उलो. मी एवढंही थांबून बघितलं नाही. मला खुनी हवा होता, म्हणून मी तो ऐकला.

"पण सासूला कशाला हाक मारेल ती?" मी विचारलं. "सासूशी तर तिचं भांडण होतं. पाचव्या भागात दोघी बोलत पण नाहीत."

सासूबाई बोलल्या त्या मराठीतच, मला एक शब्दही इकडचा तिकडे करता येऊ नये म्हणून असेल.

"मी पेडण्याहून या घरात आले तेव्हा वीस वर्षांची होते. माझी सासू फार कडक. एकदा कशावरून तरी बिनसलं आणि आठ दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. त्या आठवड्यात मी विहिरीवर पाणी काढताना घसरले. कठडा तेव्हा बांधलेला नव्हता. दोर हाताला गुंडाळलेला होता म्हणून लोंबकळत राहिले. माझी आई पेडण्याला. हे खाणीवर. तोंडातून शब्द निघाला तो मांय. मी ठरवून नाही काढला. आणि ती आली. पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली, आणि मला केसांना धरून वर ओढलं."

"मग बोलायला लागलात?"

"नाही. आणखी दोन दिवस नाही बोलली." त्या किंचित हसल्या. "तुमच्या गटातले लोक म्हणतात, मरताना माणूस मारणाऱ्याचं नाव घेतं. मला नाही तसं वाटत. जो येईल असं वाटतं त्याचं नाव घेतं. ती मुलगी तळीवर वळली, समोर कोण होतं ते मला ठाऊक नाही. पण तिनं हाक दुसरीला मारली. आणि ती सासू जत्रेत होती, तिला ऐकू गेली नाही. मला त्याचं वाईट वाटलं."

त्यांनी पुडी उचलली, उठल्या, आणि दारात थांबून अचानक कोकणीत विचारलं, "तुका कितेंय जालें जाल्यार तूं कोणाक उलो मारतली?"

तुला काही झालं तर तू कुणाला हाक मारशील? साधा प्रश्न. नवऱ्याला, असं तोंडावर आलं, पण तो दिवसभर कारखान्यात. आई पुण्यात. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन वर्षांत मी सासूबाईंना एकदाही हाक मारलेली नाही. लग्नात सगळ्यांनी सांगितलं होतं, आई म्हण. माझी जीभ कधी वळलीच नाही. माझी आई हयात आहे आणि आई म्हटलं की मला तीच दिसते. मांय म्हणावं तर ते मला उसनं वाटायचं. म्हणून मला काही हवं असलं की मी खोल्या खोल्या फिरून त्यांना शोधायचे, समोर उभी राहायचे आणि मगच बोलायचे. मी म्हटलं, "मला माहीत नाही." खोटं बोलण्यापेक्षा ते बरं. त्या "बरें" म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी गटात दुरुस्ती टाकली. सासूबाई असं म्हणाल्या नव्हत्या, चूक माझी, आणि त्यांचं खरं मत हे. एक दोघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. बाकीचे तोवर जुळ्या बहिणींच्या सिद्धांतावर गेले होते. सासूबाईंच्या मताला कुणी फारसं विचारलं नाही, कारण त्यात खुनी कोण ते नव्हतंच. मला स्वतःलाही ते मत पटलं की नाही, सांगता येत नाही. मग तो ओला काठ कुणाचा? आणि ती वळताना हसल्यासारखी का दिसते? मी विचार करते आणि पुन्हा तिथंच येते.

घरात त्यानंतर काही दिवस ना धड मराठी ना धड कोकणी, दोन्हीचं थोडं थोडं चाललं होतं. मग एका बुधवारी दुपारी मी माळ्यावरचं पितळेचं मोठं पातेलं काढायला स्टुलावर चढले. पातेलं अर्धं बाहेर आलं, त्याचं वजन माझ्या अंदाजापेक्षा दुप्पट निघालं, आणि खालचं स्टूल एका पायावर डुलायला लागलं. हात वर अडकलेले. पातेलं सोडावं तर डोक्यावर, धरावं तर मी खाली. घरात माणूस एकच, तेही मागे अंगणात. शोधत जायची सोय नव्हती. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून, का ते देव जाणे, निघालं, "अहो!"

मागचं दार आपटलं. सासूबाई खोबरं किसत होत्या त्या हातांनीच आल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्टूल पकडलं. डुलणं थांबलं. मी पातेलं छातीशी घेतलं. खालून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"अहो?" त्या म्हणाल्या. "मालिकेंत अहो घोवाक म्हणटात. तुजो घोव कामाक गेला."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"मागीर कोणाक उलो मारलो?"

मागीर म्हणजे मग. मी वर पातेलं घेऊन उभी. त्यांनी स्टूल घट्ट धरलं होतं, आणि उत्तर मिळेपर्यंत त्या ते सोडतील असं दिसत नव्हतं.